वऱ्हाडचे गहाणखत

(गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



इंग्रज मुत्सद्दी आणि त्यांचे तह यांवर आज आम्ही बोलणार, असे कळल्याबरोबर फाटकाशीच एका दादांनी आम्हांला हटकले. म्हणाले, "अहो, मेलेल्या लाटसाहेबांशी आम्हांला काय करायचंय? आमच्या पगाराचं बोला, बदलीवाल्याचं बोला." दादांचा सवाल रास्त आहे. त्यांना आमचा जबाब एवढाच, की आम्ही तुमच्या पगाराचेच बोलणार आहोत. फक्त जरा लांबून येणार आहोत. यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या रानातून निघून तुमच्या साच्यापर्यंत येणार आहोत.

आम्ही तिकडचेच. वर्धा नदीच्या पश्चिमेचे, पैनगंगेच्या उत्तरेचे. वणी, दारव्हा, दिग्रस, पुसद, पांढरकवडा ही आमची गावे. तुम्ही गिरणीत गाठ फोडता, तिच्यातली रुई आमच्या बायाबापड्यांनी वेचलेली असते. कापूस आम्ही पिकवायचा आणि सूत तुम्ही काढायचे, असा आपला सोयरसंबंध आहे. ज्या जमिनीतून हा कापूस येतो ती जमीन, तिच्यावरच्या माणसांसकट, एकदा कर्जापोटी गहाण पडली होती. शेत गहाण पडते, घर पडते, बायकोची पोत पडते हे तुम्ही पाहिले असेल. आमचा अख्खा मुलूख गहाण पडला होता. ते गहाणखत कसे झाले, कोणी लिहिले, कोणी सही केली, हेच आज सांगायचे आहे.

गोष्ट सुरू होते १८०३ सालापासून. नागपूरकर दुसरे रघूजी भोसले आणि शिंदे एका बाजूला, इंग्रज आणि त्यांचा दोस्त निजाम दुसऱ्या बाजूला. सप्टेंबरात असईची लढाई झाली, नोव्हेंबरात अडगावची झाली, डिसेंबरात गाविलगडचा किल्ला पडला. आणि १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगाव येथे भोसल्यांशी तह झाला. इंग्रजांच्या बाजूने तह करणारा सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच, आणि १८२८ साली इंग्लंडचा मुख्य प्रधान झाला तोही हाच. युरोपचा नकाशा बदलणाऱ्या लढाईआधी बारा वर्षे या माणसाने आमचा नकाशा बदलला. वर्धा नदी ही हद्द ठरली. नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांनी सोडला आणि तो निजामाच्या पदरात पडला. नदीच्या दोन्ही काठांना मराठीच बोलत होते, दोन्हीकडे तीच ज्वारी आणि तीच कपाशी होती. पण एका काठाचा धनी नागपुरात आणि दुसऱ्या काठाचा हैदराबादेत, अशी वाटणी झाली. नदीकाठच्या एकाही पाटलाला कोणी विचारले नाही.

आता निजामाकडे चला. निजामाला वाटले, मुलूख मिळाला, इंग्रजांची दोस्ती मिळाली. पण इंग्रजांची दोस्ती म्हणजे सावकाराची दोस्ती. हैदराबादला इंग्रजांचा वकील असे, त्याला रेसिडेंट म्हणत. हेन्री रसेल नावाच्या रेसिडेंटाने निजामाच्या खर्चाने एक फौज उभारली. अंमलदार इंग्रज, हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाचा. आधी तिला रसेलची पलटण म्हणत, पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणू लागले. १८०० सालच्या तहात अशी कायमची फौज पोसण्याचे कलम नव्हते. तरी फौज राहिली, वाढली आणि दर महिन्याला पगार मागू लागली.

पगाराला पैसा कुठून आणायचा? तेही इंग्रजांच्या मेहेरबानीने ठरले. हैदराबादला विल्यम पामर आणि कंपनी नावाची पेढी होती. तिने निजाम सरकारला शेकडा पंचवीसच्या आसपास व्याजाने रकमा दिल्या. या पेढीचा एक भागीदार सर विल्यम रंबोल्ड. त्याची बायको म्हणजे खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने वाढवलेली मुलगी. घरचाच व्यवहार! पुढे चार्ल्स मेटकाफ नावाच्या रेसिडेंटाने ही भानगड उघड केली आणि पेढी बुडाली. पण कर्जाची सवय आणि फौजेचा खर्च दोन्ही मागे राहिले.

पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर काठी घेऊन उभा राहणारा पठाण तुमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. मुद्दल तो कधी मागतच नसे. त्याला व्याज पाहिजे असे, आणि माणूस कायमचा हातात राहायला पाहिजे असे. लॉर्ड डलहौसी हा तसलाच, फक्त काठीच्या जागी त्याच्या हातात पलटण. १८४८ साली तो गव्हर्नर जनरल झाला आणि कर्जाचा तगादा लावला. निजाम नासिरुद्दौला याच्या नावावर चाळीस लाखांवर बाकी निघाली होती. निजामाचेही म्हणणे होते. सिकंदराबाद आणि जालना येथल्या छावण्यांत दारूवरचा जो कर इंग्रजांनी इतकी वर्षे गोळा केला, तो माझा. तो माझ्या खात्यात जमा धरा आणि मग कर्ज किती उरते ते सांगा. हा हिशेब मांडू दिला नाही. मे १८५३ मध्ये रेसिडेंट कर्नल लो वाटाघाटीला बसला. निजाम नाही म्हणत होता. बाहेर फौज हलेल असा इशारा दिवाणाच्या कानी घालण्यात आला आणि २१ मे १८५३ रोजी निजामाने सही केली. पुढच्याच आठवड्यात दिवाण सिराजुल्मुल्क वारला.

काय होते त्या कागदात? वऱ्हाड, नळदुर्ग-धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूर दुआब, असा सुमारे पन्नास लाख उत्पन्नाचा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात. मालकी निजामाचीच! राज्य निजामाचे, वहिवाट कंपनीची. त्या उत्पन्नातून फौजेचा पगार आणि कर्जाचे व्याज भागवायचे, दर वर्षी निजामाला हिशेब द्यायचा आणि शिल्लक राहील ती त्याला परत करायची. म्हणजे ताबेगहाण झाले म्हणाना! शेत सावकाराच्या ताब्यात आणि सातबारा आपल्या नावावर. ज्यांची जमीन होती ते आमचे आजे-पणजे त्या वेळी काय करीत होते? मे महिना होता. वखर चालू असतील. आपण गहाण पडलो, ही खबर त्यांना वखरामागे कोण देणार?

इथे एक तारीख लक्षात ठेवा. ह्याच १८५३ सालच्या एप्रिलात मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली. पुढच्या वर्षी कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली त्या गिरणीतून सूत निघू लागले. त्याच १८५६ साली हिंदुस्थान सोडताना डलहौसीने आपल्या कारभाराचे टिपण लिहिले, आणि आपल्या हातून इंग्लंडला जे लाभले त्यात इकडच्या उत्तम कापसाच्या मुलुखाची नोंद आवर्जून केली. फौजेचा पगार हे निमित्त होते, कंपनीच्या डोळ्यासमोर बोंड होते.

आता १८६० साल. सत्तावन्नच्या बंडात निजाम आणि त्याचा तरुण दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूने राहिले. त्याचे बक्षीस म्हणून नवा तह झाला. कर्ज माफ, नळदुर्ग परत, रायचूर दुआब परत. ऐकायला गोड आहे की नाही? पण सगळ्यांत मोक्याचा जो वऱ्हाड, तो मात्र फौजेच्या खर्चासाठी ठेवून घेतला. आणि एक कलम मुकाट्याने बदलले. यापुढे वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाने मागायचा नाही. इंग्रजांना जे शिल्लक वाटेल ते देतील.

बंधूंनो, हे कलम नीट समजून घ्या. कर्ज फिटले, तरी गहाण सुटले नाही, आणि वर वहीही मिटली. कर्ज फार वाईट असते. पण वही सावकाराच्या घरी असली की ते कधीच फिटत नाही. १८५३ च्या कागदाने आमचा मुलूख अडकला आणि १८६० च्या कागदाने त्याची वही हरवली. दुसरा कागद पहिल्यापेक्षा घातक, असे आम्ही म्हणतो.

आणि नेमक्या त्याच वेळी जगाच्या दुसऱ्या टोकाला असे काही घडले, की आमच्या बोंडाला सोन्याचा भाव आला. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेची संस्थाने गुलामांकडून कापूस पिकवून घेत आणि तो कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना जाई. उत्तरेचा अध्यक्ष अब्राहम लिंकन याने दक्षिणेची बंदरे रोखली. कापूस अडला आणि मँचेस्टरकडच्या गिरण्या बंद पडू लागल्या. १८६२ च्या अखेरीस तिकडे पाच लाखांच्या आसपास माणसे धर्मादाय मदतीवर जगत होती. इंग्लंडचा मुख्य प्रधान पामर्स्टन आणि परराष्ट्र मंत्री रसेल यांच्यात खल चालला होता, की दक्षिणेला स्वतंत्र राज्य म्हणून मान्यता द्यावी का. मान्यता दिली असती, तर कदाचित कापूस सुटला असता, आणि गुलामगिरीच्या पाठीशी इंग्लंड उभे राहिले असते. पोटाचा विचार केला तर मजुराने म्हणायला हवे होते, द्या मान्यता, आणा कापूस. काही गावांत तसे म्हणणारेही होते, ते आम्ही लपवीत नाही.

पण ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली. पोटाला चिमटा घेतलेल्या त्या माणसांनी ठराव करून लिंकनला पत्र धाडले, की गुलामगिरी मोडा, आम्ही तुमच्या बाजूला आहोत. १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने उत्तर पाठवले आणि त्यांच्या त्यागाला जगात तोड नाही अशा अर्थाचे शब्द लिहिले. मँचेस्टरच्या चौकात आज लिंकनचा पुतळा उभा आहे. त्या कामगारांपैकी बहुतेकांना मतसुद्धा नव्हते. राजवाड्यात त्यांना खुर्ची नव्हती, तहाच्या कागदावर त्यांची सही नव्हती. तरी ते बोलले. इंग्लंडने दक्षिणेला मान्यता दिली नाही. त्याला कारणे पुष्कळ होती. पण सरकारला कामगाराचे नाव पुढे करून गुलामांच्या मालकांची बाजू घेणे त्या सभेनंतर कठीण झाले. मुत्सद्देगिरी ही फक्त साहेबलोकांची मिरास नाही, याचा हा गिरणी कामगारांनीच घालून दिलेला दाखला आहे.

आमच्याकडे काय झाले? भाव चढला, कास्तकाराच्या हातात रुपये खुळखुळले, ज्वारीच्या रानात कपाशी आली. १८६५ साली यादवी संपली, भाव कोसळला, मुंबईचे शेअरवाले बुडाले. रुपया गेला, पण कपाशी राहिली आणि तिच्याबरोबर सावकार राहिला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावला आला आणि त्याने कापसासाठी टाकलेला आगगाडीचा फाटा उघडला. पुढे विसाव्या शतकात किलिक-निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखाली मूर्तिजापूरहून आमच्या यवतमाळपर्यंत अरुंद रूळ आले. तीच आमची शकुंतला. गाडी गरिबाचीही झाली, लोकांनी तिच्यावर माया केली. पण रूळ टाकले होते गाठींसाठी.

हिशेबाची वही परत मागणारा एक माणूस मात्र निघाला. सालारजंग. त्याने म्हटले, फौजेच्या पगाराइतकी रोख रक्कम तारण ठेवतो, वऱ्हाड परत द्या. नाही. पुन्हा अर्ज केला. पुन्हा नाही. १८७६ साली तो स्वतः विलायतेला गेला. वाटेत पॅरिसला पडून मांडीचे हाड मोडले, तरी गेला. लंडनने त्याचा मोठा मान केला, ऑक्सफर्डने पदवी दिली, मेजवान्या दिल्या. वऱ्हाड दिला नाही. निजाम लहान आहे, तो वयात आल्यावर पाहू, असे सांगून लॉर्ड सॅलिसबरीने वाटेला लावले. मागण्याला नकार द्यायचा असला की मागणाऱ्याचा सत्कार करावा, ही विलायती रीत. आपल्याकडेही काही मालक ती शिकले आहेत.

आणि पाहा कसा योग. डिझरायलीने १८७६ साली पार्लमेंटात कायदा करून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी केले आणि १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटनने दिल्लीला दरबार भरवून तशी द्वाही फिरवली. त्या दरबारात दहा वर्षांचा निजाम महबूब अली आणि त्याच्यासोबत सालारजंग हजर होते. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांच्या गिरणीचा भोंगा वाजला, आणि सम्राज्ञीच्या मानासाठी तिचे नाव ठेवले एम्प्रेस मिल. तिकडे वऱ्हाडचा धनी मान खाली घालून बसला होता आणि इकडे आसपासच्या मुलुखाच्या कापसावर साचे फिरू लागले. आमच्या जिल्ह्यातली किती माणसे पुढे नागपूरच्या त्रासन खात्यात, साचे खात्यात उभी राहिली! शेत सुटले म्हणून गिरणी धरली. २००२ साली तीही गिरणी बंद झाली.

१९०२ साली लॉर्ड कर्झन हैदराबादला गेला. बंद दाराआड निजामाशी बोलला. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी करार झाला. वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने. भाडे साल दर साल २५ लाख रुपये. सुरुवातीची काही वर्षे त्यातूनही जुन्या देण्यापोटी रक्कम कापली जाई. मालकी? अजूनही निजामाचीच! आणि निजामाला जी. सी. बी. ही पदवी मिळाली. लोक तोंडावर हसले नाहीत, पण मागे म्हणू लागले, जी. सी. बी. म्हणजे 'गेव्ह कर्झन बेरार', कर्झनला वऱ्हाड देऊन टाकला! १९०३ साली आम्हांला मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले. तेव्हा आमच्या जिल्ह्याला वणी जिल्हा म्हणत; १९०५ साली त्याला यवतमाळचे नाव मिळाले. पाटी बदलली, पट्टा तोच. आम्ही कायद्याने इंग्रजी मुलुखातले नव्हतो आणि व्यवहाराने निजामाचे नव्हतो. ना घरचे, ना घाटचे.

पुढचा निजाम मीर उस्मान अली. पहिल्या महायुद्धात त्याने इंग्रजांना पैसा दिला, पलटणी दिल्या. १९२३ साली त्याने वऱ्हाड परत मागितला. व्हाइसरॉय होता लॉर्ड रीडिंग, इंग्लंडच्या सरन्यायाधीशाच्या खुर्चीवरून आलेला. निजाम म्हणाला, पंच नेमा, वाद त्यांच्यापुढे ठेवू. सरन्यायाधीश राहिलेल्या माणसाने पंचाला नकार दिला! २७ मार्च १९२६ च्या खलित्यात त्याने खडसावले, की हिंदुस्थानात इंग्रजी सत्ता सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणाही संस्थानिकाने तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा दावा करू नये. म्हणजे १२३ वर्षांचे ते सगळे तह, त्या दोस्तीच्या शपथा, सगळे पाण्यात. कुळाने सावकाराला म्हटले चला पंचाकडे, आणि सावकार म्हणाला, पंच कसला, मीच पंच.

१९३६ साली पुन्हा गोड बोलून नवा करार केला. निजामाने स्वतःला हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम म्हणवावे. त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणावे, विलायतेत प्रिन्स ऑफ वेल्स असतो तसा. त्या वारसाचे लग्न तुर्कस्तानच्या पदच्युत खलिफाच्या मुलीशी १९३१ साली फ्रान्सातल्या नीस शहरी लागले होते. म्हणून ती झाली वऱ्हाडची राजकन्या. इस्तंबूलची मुलगी, फ्रान्सात लग्न, हैदराबादेत सासर आणि नाव वऱ्हाडचे. आणि खरी वऱ्हाडची लेक? ती दारव्ह्याच्या रानात कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती. तिच्या नावाने कोणी पदवी काढली नाही.

पण ह्या वेळेपर्यंत आमची माणसे गप्प राहिलेली नव्हती. आमच्या वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदला जंगल सत्याग्रह केला. सरकारी राखीव रानातले गवत कापले. एवढेसे गवत! पण त्याचा अर्थ मोठा होता. रान कोणाचे, हा प्रश्न ज्यांना १८५३ साली, १८६० साली, १९०२ साली कोणी विचारला नव्हता, त्यांनी विळा हातात घेऊन त्याचे उत्तर दिले. हेच बापूजी पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसले, आणि १९४३ साली गांधीजींच्या उपवासाच्या वेळी ती खुर्ची सोडून उठले. दरबारात बसणे आणि वेळ आली की उठणे, दोन्ही त्यांना येत होते.

इंग्रज गेले. १९४८ साली हैदराबादचे राज्य संपले. आता आमच्या भवितव्याचे कागद प्रथमच आमच्याच माणसांनी लिहिले. ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोल्याला शंकरराव देव, ब्रिजलाल बियाणी आदी पुढाऱ्यांनी करार केला. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूरचा करार झाला. तह लादून तो होत नव्हता, मराठी माणूस मराठी माणसाशी बोलत होता, हा फरक आकाशाएवढा आहे. १९५५ साली फाजलअली कमिशनने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. खुद्द बापूजी अणे यांचा कौल विदर्भाकडे होता. त्यांना आम्ही परके म्हणत नाही. शंभर वर्षे ज्याला कोणी विचारले नाही, तो संशयी होतो. त्याचा संशय हा त्याचा गुन्हा नव्हे. १९५६ साली यवतमाळ द्विभाषिक मुंबई राज्यात आले. मुंबईच्या गिरणगावाने आणि त्याच्या संगतीने उभ्या महाराष्ट्राने रक्त सांडले, शंभरावर हुतात्मे दिले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. वर्धा नदीचे दोन्ही काठ एका मराठी राज्यात आले. वेलस्लीने पाडलेली रेघ कामगारांच्या रक्ताने पुसली, याचा अभिमान आम्ही कधी सोडणार नाही.

पण अभिमानाने हिशेब भागत नाही, बंधूंनो. नागपूर कराराने कबूल केले होते, की खर्चाची वाटणी लोकसंख्येच्या मानाने होईल आणि विधिमंडळाची एक तरी बैठक दर वर्षी नागपूरला भरेल. घटनेच्या ३७१ (२) कलमात विदर्भ, मराठवाडा यांच्यासाठी विकास मंडळांची सोय झाली. ती मंडळे प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडले, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. मधल्या काळात, १९८४ साली, दांडेकर समितीने कोणता भाग किती मागे राहिला याचा हिशेब मांडला, तेव्हा कुठे अनुशेष हा शब्द घरोघर गेला. आमच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, आणि तरीही पुढे ह्याच जिल्ह्याचे नाव कापूस पिकवणाऱ्यांच्या आत्महत्यांनी देशभर झाले. म्हणजे खुर्चीवर आपला माणूस बसला की काम झाले, असेही नाही. खुर्चीखालची वहीसुद्धा आपल्याला वाचता आली पाहिजे.

म्हणून आता दादांच्या सवालाकडे येतो. पगाराचे बोला म्हणाले होते ना? घ्या. कुठलाही करार पुढे आला, तो दिल्लीचा असो, मुंबईचा असो की गिरणीच्या ऑफिसातला असो, तीन गोष्टी विचारा.

पहिली गोष्ट, सही कोणाची? देवगावला, हैदराबादला ज्यांच्या सह्या होत्या त्यांपैकी एकाच्याही पायाला आमची काळी माती लागलेली नव्हती. तुमच्या वतीने जो सही करतो, त्याने आधी तुम्हांला विचारले का?

दुसरी गोष्ट, वही कोणाकडे? १८६० चे ते कलम आठवा. कर्ज माफ झाल्याच्या आनंदात हिशेब मागण्याचा हक्क सोडला आणि मुलूख गेला. बोनस दोन पैशांनी वाढला म्हणून हुरळून जाऊ नका. कागदात खाली कुठे लिहिले आहे का, की फंडाचा, ग्रॅच्युइटीचा, कपातीचा हिशेब मागायचा नाही?

तिसरी गोष्ट, मुदत किती? कायमचा हा शब्द दिसला की थांबा. कर्झनने तोच शब्द घातला होता. कायमचा पट्टा मागणारा माणूस तुमच्या नातवाचीसुद्धा सही आजच मागत असतो.

एका गिरणीतली हकीकत सांगतो, नाव नको. करार झाला, फाटकावर कागद लागला, पुढाऱ्याने सांगितले चांगला आहे. शंभर-दीडशे जणांनी अंगठे केले. एक म्हातारा बदलीवाला म्हणाला, "मला वाचता येत नाही, तर मोठ्यानं वाचून दाखवा. सगळं. बारीक अक्षरातलंही." लोक हसले. पण वाचावे लागले. आणि वाचता वाचता तिसऱ्या पानावर असे वाक्य निघाले, की बदलीची जुनी वर्षे नोकरीत धरली जाणार नाहीत. मग कोणी हसले नाही. ते वाक्य खोडावे लागले. त्या म्हाताऱ्याने डलहौसीचे नाव ऐकले नव्हते, लिंकनचेही नव्हते. पण मे १८५३ मध्ये हैदराबादच्या त्या दरबारात असा एक माणूस हवा होता.

वऱ्हाडच्या मातीने १८५३ पासून १९४७ पर्यंत, चौऱ्याण्णव वर्षे, दुसऱ्याचे कागद सोसले. आपण मराठी राज्य मिळवले, ते आपले कागद आपल्या भाषेत, आपल्याला समजेल असे लिहिले जावेत म्हणून. भाषेचे राज्य म्हणजे आणखी काय? ज्याची जमीन, ज्याचा घाम, त्याला कागद वाचता यावा आणि वाचून नाही म्हणता यावे. तेवढे ज्या दिवशी होईल, त्या दिवशी वऱ्हाडचे गहाण खरे सुटले म्हणू. तोवर मोठ्याने वाचायला सांगा. बारीक अक्षरातलेही.

जय महाराष्ट्र!